शंभर किलोच्या माणसाने सायकलची चाकं कुठली घ्यायची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिली रोड बाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर जोरात पळवायची हलकी सायकल, घेताना काय बघायचं यावर लेख आला होता. लेख चांगलाय, फ्रेमचा साइज, गिअर, सीटची उंची सगळं नीट सांगितलंय, पण चाकांबद्दल फक्त एक ओळ, की जितकी हलकी तितकी चांगली. आणि जाड माणसांना सल्ला काय, तर आधी वजन उतरवा. अहो, त्यासाठीच तर सायकल घेतोय ना माणूस! आणि सगळ्यांचं उतरणारही नाही. आमच्याकडे साताऱ्यात तालमीत घडलेली, कबड्डी खेळलेली पोरं आहेत, सहा फुटाच्या वर उंची, शंभर-एकशेपाच किलो वजन, त्यात चरबी नावालाच, चढावर पेडलवर उभी राहिली की चेनमधून आवाज येतो. मी पण 102 किलोचा आहे आणि यवतेश्वरचा घाट मला बऱ्यापैकी चढता येतो, तेव्हा आमच्यासारख्यांनी कुठली चाकं घ्यायची हे कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हे पत्र.

हल्लीच्या रोड बाईकना कंपनीतूनच बऱ्याचदा पुढे 20 आणि मागे 24 स्पोकची चाकं येतात, दिसायला झकास. साठ-पासष्ट किलोच्या पोराला ती वर्षानुवर्षं पुरतात, आमच्या वजनाला मागच्या चाकाचे स्पोक तुटायला लागतात. माझे तुटले तेव्हा दुकानदार म्हणाला, साहेब तुम्ही खड्ड्यात घातली असणार. तुटलेला स्पोक मी त्याच्यासमोर ठेवला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या तुंब्याच्या, भोकात तो जिथे वाकून अडकतो त्या कोपरावर तुटलेला, तुटलेली जागा सपाट, कुठे वाकल्याची खूण नाही, आणि तुटला तेव्हा मी सरळ डांबरी रस्त्यावर होतो. खड्ड्यात रिम वाकते हो, कोपरावर तुटलेला स्पोक म्हणजे धातू थकला, दुसरं काही नाही.

थकतो कसा ते सांगतो. चाकातला प्रत्येक स्पोक ताणून बसवलेला असतो, चाक फिरताना जो स्पोक जमिनीच्या बाजूला येतो त्याचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो आणि वर गेला की परत येतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हे एकदा. 700 च्या, म्हणजे रोड बाईकच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाला किलोमीटरला साधारण 470 फेरे पडतात, म्हणजे एका 200 किलोमीटरच्या बीआरएममध्येच (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) 90 हजाराच्या वर. माणूस जड असला की ताण जास्त उतरतो, आणि स्पोक मुळात कमी ताणलेला असेल तर पार ढिला पडून परत ताणला जातो, मग तो कोपर दर फेऱ्याला हलतो आणि एक दिवस टण्‌ करून जातो. मागचं चाकच का, तर अंगाचा जास्त भार मागे असतो, चेन पण तिथेच ओढते, आणि उजवीकडे गिअरची कॅसेट बसवायला जागा पाहिजे म्हणून त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे लागतात आणि डावीकडचे तिरके. रिम मधोमध राहायची तर उजवीकडच्या प्रत्येक स्पोकला 110-120 किलोचा ताण असताना डावीकडे निम्म्याच्या आसपासच राहतो. म्हणून बऱ्याचदा आधी तुटतात ते डावीकडचे, जोर उजवीकडे असूनसुद्धा. हे कळलं की काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

मागे 32 स्पोक हे कमीत कमी, शंभरीच्या वर असाल किंवा सामान लावून फिरत असाल तर सरळ 36. पुढे 28 चालतील, 32 असतील तर डोक्याला ताप नाही. स्पोक तीन क्रॉसमध्ये विणलेले, म्हणजे हबपासून रिमपर्यंत जाताना प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो. डबल बटेड, म्हणजे टोकांना 2 मिलिमीटर आणि मध्ये 1.8, असे घ्यायचे. पूर्ण जाड स्पोक जास्त टिकत असेल असं वाटतं पण तसं नसतं, मधला बारीक भाग थोडा लवचिक असतो आणि कोपरावरचा त्रास तो खातो. निप्पल, म्हणजे रिमपाशी स्पोक ताणायचे छोटे नट, पितळेचे, ॲल्युमिनियमचे नकोत, आपल्या पावसात ते गंजून जाम होतात आणि मग आउट काढायला, म्हणजे चाक सरळ करायला, गेलं की फिरतच नाहीत. रिम ॲल्युमिनियमची, जराशी उंच आणि आतून 19-21 मिलिमीटर रुंद, ऑफसेट भोकांची, म्हणजे स्पोकची भोकं मधोमध नसून एका बाजूला सरकवलेली, मिळाली तर मागे तीच लावा, डावीकडचा ताण वाढतो. हब शिमानोचा टियाग्रा किंवा 105 घेतला तरी भागतं, खोलून ग्रीस भरता येतं. दुकानात सांगतात की 36 स्पोकने चाक जड होतं. 24 चे 36 केले तर 12 स्पोक आणि 12 निप्पल वाढतात, सगळे मिळून 80-90 ग्रॅम. खिशातलं केळं त्याहून जड असतं.

कार्बन वाईट असं माझं म्हणणं नाही, डिस्क ब्रेक असतील आणि स्पोक भरपूर असतील तर खुशाल घ्या. पण रिम ब्रेकवर (ज्याचे ठोकळे रिमलाच घासतात) कार्बनची रिम आणि वर शंभर किलोचा माणूस, असं महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणजे बाराशे मीटरच्या वरचा उतार, ब्रेकची सगळी उष्णता त्या रिममध्येच जाते, मी तरी नाही उतरणार.

शर्यतीतल्या लोकांचं बघायचं तर फ्रान्समधली पॅरिस-रुबे ही सायकल शर्यत बघा. दगडी फरसबंदीचे ते भयानक रस्ते, आणि 2004 साली ती जिंकणारा स्वीडनचा मॅग्नस बॅकस्टेट नव्वद किलोच्या वरचा गडी. त्या काळात त्या शर्यतीला मेकॅनिक लोक हलकी महागडी चाकं ट्रकमध्येच ठेवायचे आणि 32 स्पोकची, बुटक्या ॲल्युमिनियम रिमची, हाताने विणलेली चाकं काढायचे. इतकं लांब कशाला जायचं, आपली ती जुनी काळी सायकल, जिच्यावर दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून फिरायचे, तिला पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात. मागे भार जास्त म्हणून मागे जास्त, त्यात कसलं रॉकेट सायन्स नाही.

आता विणणारा. सगळा माल चांगला आणून कच्च्या हाताकडे दिला तर पैसे पाण्यात. आमच्या पेठेतले मिस्त्री सगळे स्पोक बसवून झाले की शेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत धरून करकचून दाबतात, पूर्ण चाकभर, मग परत आउट बघतात, परत दाबतात, शेवटी नखाने एकेक स्पोक छेडून आवाज ऐकतात, एका बाजूच्या सगळ्यांचा सूर एक आला पाहिजे. त्या दाबण्याने कोपर हबला नीट चिकटून बसतात. मशीनवर भराभर निघणाऱ्या स्वस्त चाकांना एवढा वेळ कोण देणार. ज्याच्याकडे ताण मोजायचा मीटर आहे त्याच्याकडे गेलात तर आणखी बरं. आणि एक स्पोक तुटला तर बदला, पण पाठोपाठ तुटायला लागले तर बाकीचेही तेवढेच थकलेत असं समजून सगळे नवे टाका, एकेक बदलत बसू नका.

टायर 25 मिलिमीटर रुंदीचा नको, फ्रेममध्ये बसत असेल तर 28 किंवा 32. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता (इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच म्हटलंय, आमच्या कॉलनीत वीतभर रुंदीचे डोंगर आहेत) तेवढी हवेची गादी पाहिजेच. हुकलेस रिम (जिच्या कडेला टायर धरून ठेवणारा आकडा नसतो) मात्र जड माणसाने जपून घ्यावी, तिच्यात 5 बार म्हणजे 73 पीएसआयच्या वर हवा भरायची नसते, आणि शंभर किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये मागे 85-90 पीएसआय तरी लागते.

शेवटचा मुद्दा दुकानदारांसाठी आणि तुमच्यासाठी. चाकांना कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा असते, माविकसारखी कंपनी बऱ्याच रोड चाकांना 120 किलो सांगते, पण त्यात माणूस, सायकल, सामान सगळं धरून. माझे 102, सायकल 10, पाण्याच्या बाटल्या, बूट, हेल्मेट, हत्यारं धरली की 116 झाले, म्हणजे 110 ची मर्यादा असलेलं चाक मला मुळात विकायलाच नको. दुकानात कुणी विचारत नाही. तुम्ही पुढच्या वेळी सायकलींचा तक्ता छापाल तेव्हा किंमत आणि गिअरच्या शेजारी स्पोक किती आणि वजनाची मर्यादा किती, हे दोन रकाने टाका.

आणि हो, लेखासोबतच्या फोटोतल्या सायकलचं पुढचं चाक उलटं बसवलंय, क्विक रिलीजची, म्हणजे चाक झटकन काढायच्या कळीची, दांडी डावीकडे पाहिजे.

आपला,
एक सायकलवाला, सातारा