पिकअपच्या ड्रॅग शर्यतीसाठी पैसा आधी टायरवर, मग चाकावर

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पिकअप ट्रक ड्रॅग शर्यतीत, म्हणजे उभ्या स्थितीतून सुटून सरळ पट्टीवर ठरावीक अंतर (बहुधा पाव मैल) कापण्याच्या शर्यतीत, उतरवण्याविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात अश्वशक्ती, टर्बोचार्जर आणि संगणकीय ट्यूनिंग यांचीच चर्चा असते. चाके आणि टायर यांचा विषय निघालाच, तर तो दिसण्यापुरता निघतो. ज्याच्याजवळ मोजकाच पैसा आहे त्याने तो प्रथम कोठे घालावा, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. माझे स्पष्ट मत असे आहे की तो मागच्या दोन टायरांत घालावा. चाके जुनी, गाडीच्या कंपनीचीच आणि साधी असली तरी चालतात. या मताची कारणे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ट्रकची अडचण त्याच्या घडणीतच आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन पुढे, आणि मागे रिकामा हौदा. त्यामुळे गाडी उभी असताना ओढ देणाऱ्या मागच्या चाकांवर एकूण वजनाचा निम्म्याहून कमी भाग असतो. सुटताना वजन मागे सरकते हे खरे, आणि ट्रक उंच असल्याने ते मोटारीपेक्षा बरेच जास्त सरकेल असे वाटते. पण ट्रकच्या दोन अ‍ॅक्सलांमधील अंतरही लांब असल्यामुळे तो फायदा बराचसा जिरून जातो. एक ढोबळ हिशेब करून पाहू. २४०० किलोचा ट्रक, मागे ४२ टक्के वजन, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर आणि दोन अ‍ॅक्सलांमध्ये ३.६ मीटर अंतर असे धरले, आणि रस्त्यावरच्या नेहमीच्या टायरचा घर्षणांक (पकडीचे माप) ०.९ मानला, तर चाके घसरू न देता मिळू शकणारे जास्तीत जास्त त्वरण सुमारे ०.४६ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.४६ पट) येते. त्याच ट्रकला, चिकट द्रावण फवारून तयार केलेल्या पट्टीवर १.५ घर्षणांक देणारे ड्रॅग टायर बसवले, की हाच आकडा ०.८९ जीपर्यंत जातो. शर्यतीतले पहिले ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, पहिल्या त्वरणाने कापायला २.८५ सेकंद लागतात आणि दुसऱ्याने २.०५ सेकंद. इंजिनात तेवढा जोर असेल, तर हा आठ दशांश सेकंदांचा फरक केवळ रबराचा आहे. उलट साध्या टायरवर दोनशे अश्वशक्ती वाढवली, तरी त्या पहिल्या टप्प्यातली मर्यादा तसूभरही हलत नाही; चाके फक्त अधिक जोराने जागच्या जागी फिरतात.

आता हलक्या चाकांनी काय मिळते तेही पाहावे, कारण महागड्या फोर्ज्ड (दाबून-ठोकून घडवलेल्या) चाकांची जाहिरात याच मुद्द्यावर होते. चाक सरळ पुढे जाते आणि फिरतेही, म्हणून त्याच्या एका किलोचा परिणाम गाडीच्या साधारण १.६ किलोइतका धरता येतो. मागच्या प्रत्येक चाकात १० किलो वाचवले, तर एकूण परिणाम ३२ किलोंचा, म्हणजे आपल्या २४०० किलोच्या ट्रकच्या १.३ टक्के. पाव मैलाची वेळ वजन आणि अश्वशक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळानुसार बदलते, हा ड्रॅग शर्यतीतला प्रचलित ठोकताळा लावला, तर १४ सेकंदांत धावणाऱ्या ट्रकला यातून सहा शतांश सेकंदांच्या आसपास लाभ होतो. तो लाभ खोटा नाही आणि ज्याला परवडतो त्याने अवश्य घ्यावा. पण हलक्या चाकांच्या एका जोडीवर सगळी शिल्लक संपवून त्यांवर कडक रबराचे टायर चढवणे ही पैशाची नासाडी आहे.

म्हणून काटकसरीचा मार्ग असा, की रोजच्या वापराचे टायर जसेच्या तसे ठेवावेत आणि शर्यतीसाठी मागच्या चाकांची एक वेगळी जोडी करावी. नव्या ट्रकचे अनेक मालक मूळची १७ किंवा १८ इंची चाके काढून २० किंवा २२ इंची बसवतात, आणि ती मूळची चाके अनेकदा स्वस्तात विकली जातात. मला ही चाके सर्वांत भरवशाची वाटतात, कारण त्या ट्रकचे वजन, ब्रेक आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांच्यासाठीच ती बनवलेली असतात. निनावी, नक्षीदार, स्वस्त ओतीव चाकांपेक्षा जुने कंपनीचे चाक शतपटीने बरे. नवे चाक घ्यायचेच असेल, तर त्याच्या आतल्या बाजूस कोरलेली भारक्षमता वाचावी. जपानी चाकांवरील जेडब्ल्यूएल-टी ही खूण ट्रक आणि बससाठीच्या मानकाची असते, तर नुसती जेडब्ल्यूएल ही प्रवासी मोटारींसाठीच्या मानकाची. ड्रॅग शर्यतीसाठी विकली जाणारी अनेक हलकी चाके दीड टनाच्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली असतात, हे ट्रकवाल्याने विसरू नये.

चाक बसते की नाही, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. फोर्ड एफ-१५० ला २००४ पासून सहा स्टड (चाक अडकवण्याचे आटेदार खिळे) १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० ला सहा स्टड १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. दोन्ही चाके शेजारी ठेवली तर सारखीच दिसतात, पण एकाचे चाक दुसऱ्यावर योग्य रीतीने बसत नाही, आणि नट जबरदस्तीने आवळून ते बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. रॅम १५०० ला २०१८ पर्यंतच्या जुन्या घडणीत पाच स्टड होते, २०१९ च्या नव्या घडणीत सहा झाले. मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर), आणि नटाची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोल, हेही जुळले पाहिजे. पंधरा इंची चाकांसाठी ड्रॅग टायरची निवड सर्वांत मोठी आहे, आणि १९८८ ते १९९८ च्या काळातल्या सी१५०० सारख्या जुन्या ट्रकांवर ती चाके बसतात. अलीकडच्या ट्रकांचे ब्रेक मात्र इतके मोठे झाले आहेत की बहुतेकांना निदान १७ इंची चाक लागते. रिकामे चाक आधी बसवून हाताने फिरवावे, ब्रेकच्या कॅलिपरला ते कोठे घासत नाही ना हे पाहावे, आणि मगच टायरचे पैसे मोजावेत.

टायरच्या निवडीत दोन मुख्य वाटा आहेत. मिकी थॉम्पसन, हूझियर, निट्टो यांसारख्या कंपन्या रस्त्यावर चालण्यास मान्यता असलेले ड्रॅग रेडियल (आतले दोरे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ असलेले टायर) बनवतात. दुसरीकडे केवळ पट्टीवर चालणारे, नक्षी नसलेले बायस-प्लाय (तिरक्या दोऱ्यांच्या थरांचे) स्लिक असतात, ज्यांची बाजूची भिंत सुटताना सुरकुतते आणि धक्का पचवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जड ट्रकला मी रेडियल सुचवीन, कारण तो पट्टीच्या शेवटी, मोठ्या वेगात, अधिक स्थिर राहतो आणि त्याला लांबलचक बर्नआउटची (सुटण्यापूर्वी चाके जागेवर फिरवून रबर तापवण्याची) गरज पडत नाही. हाती गिअर आणि कडक क्लच असलेल्या ट्रकला स्लिकची लवचीकता उपयोगी पडते. मागे बायस-प्लाय आणि पुढे रेडियल अशी जोडी लावल्यास वेगात गाडी डुलू शकते, हे मात्र लक्षात असू द्यावे. ओझे वाहण्यासाठी बनवलेले, जाड आणि ताठ भिंतींचे ट्रक टायर या कामी सर्वांत वाईट: त्यांचे रबर कडक असते आणि हवा कमी केली तरी ते जमिनीवर नीट पसरत नाहीत. टायर चाकापेक्षा फार रुंद घेण्यातही लाभ नाही. अरुंद चाकावर रुंद टायर चढवला की तो मध्यभागी फुगतो, आणि ज्या रुंदीसाठी पैसे दिले ती जमिनीला लागतच नाही. कंपनीने प्रत्येक मापासाठी चाकाची किमान आणि कमाल रुंदी दिलेली असते, ती पाळावी.

टायरच्या उंचीचा परिणाम गिअरवर होतो, आणि काटकसर करणाऱ्याला ही जवळजवळ फुकटची जोड आहे. २७५/५५ आर २० या मापाचा टायर सुमारे ३१.९ इंच उंच असतो. त्याऐवजी २८ इंची टायर बसला, तर ३.५५ गुणोत्तराचा मागचा अ‍ॅक्सल ४.०५ असल्यासारखा वागतो. तेवढ्यासाठी डिफरन्शियल उघडून दंतचक्रे बदलायची म्हटली तर खर्च कितीतरी अधिक. अर्थात इंजिनाचे फेरे वाढतात, वेगमापक खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि शेवटच्या टप्प्यात एक गिअर अधिक टाकावा लागून वेळ वाया जाऊ शकतो, म्हणून अंतिम रेषेवर किती फेरे होतील याचा हिशेब आधीच करावा.

चारही चाकांना ओढ देणाऱ्या ट्रकची गोष्ट वेगळी आहे. तेथे सगळे वजन कामी येते, त्यामुळे ०.९ घर्षणांकाच्या साध्या टायरवरही कागदोपत्री ०.९ जी मिळू शकते, म्हणजे मागच्या ओढीच्या ट्रकला ड्रॅग टायर लावून जे मिळते तितकेच. १९९१ चा जीएमसी सायक्लोन हा टर्बोचार्ज्ड व्ही-६ इंजिनाचा पिकअप सुटताना भल्याभल्या स्पोर्ट्स मोटारींना मागे टाकी, त्याचे एक मोठे कारण हेच. अशा ट्रकच्या मालकाने चार एकसारखे, चांगल्या रबराचे रस्त्यावरचे टायर घ्यावेत आणि ड्रॅग टायरच्या मागे लागू नये. पुढे-मागे वेगळ्या उंचीचे टायर लावून फोर-व्हील ड्राइव्ह जोडला, तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीवर) सतत ताण येतो आणि ती मोडू शकते.

काटकसर कोठे थांबवावी, याबद्दल मी हट्टाने लिहितो. वरच्या हिशेबातला ट्रक ०.८९ जीने सुटताना मागच्या प्रत्येक टायरवर सुमारे ७१० किलो भार येतो. भारांक (टायरवर छापलेला भारक्षमतेचा अंक) ९५ चा टायर ६९० किलोंसाठी असतो आणि १०५ चा ९२५ किलोंसाठी. शिवाय ही क्षमता ठरलेल्या दाबाच्या हवेला असते आणि ड्रॅग टायर त्याहून बऱ्याच कमी हवेवर धावतो, म्हणून पुरेशी मोकळीक ठेवूनच माप निवडावे. टायरवरचे वेगमर्यादेचे अक्षरही तितकेच महत्त्वाचे आहे. १२ सेकंदांत पाव मैल कापणारा ट्रक अंतिम रेषेवर ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास असतो आणि क्यू अक्षराचा टायर फक्त १६० पर्यंतचा असतो. पुढच्या बाजूला हलके, बारीक टायर लावण्याची हौस मोटारवाल्यांनी करावी. ट्रकचे निम्म्याहून अधिक वजन आणि थांबण्याचे बहुतेक काम पुढेच असते, म्हणून तेथे मूळचे टायर पूर्ण हवेनिशी ठेवणे योग्य आणि बिनखर्चाचेही.

जुने टायर घेणाऱ्याने टायरच्या भिंतीवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी किंवा झिजेची भोके शिल्लक दिसली तरी जुनाट, ताठरलेले रबर पकड देत नाही. नखाने दाबून ते मऊ आहे का पाहावे, आणि बाजूच्या भिंतीत दोरे किंवा भेगा दिसल्या तर कितीही स्वस्त असला तरी तो टायर घेऊ नये. चाकावर आणि टायरवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. धावेनंतर ती तुटलेली दिसली, तर टायर चाकावर सरकतो आहे आणि हवा फार कमी आहे असे समजावे. हवा कमी करायची ती फक्त त्यासाठी बनवलेल्या टायरची, कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, आणि एका वेळी एकेक पीएसआयने (हवेच्या दाबाचे एकक). रस्त्यावरच्या साध्या टायरची हवा अर्धी करून ताशी दीडशेच्या वेगाने पळवणे हा जिवाशी खेळ आहे, मग पट्टी कितीही सुरक्षित असो.

नटांविषयीचा नियम तर बिनपैशाचा आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यती चालवणाऱ्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांनुसार स्टडच्या व्यासाइतका तरी आटा नटात शिरलेला असला पाहिजे. १४ मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर आट्याच्या स्टडवर नट निदान साडेनऊ फेरे फिरला पाहिजे. जाड चाक किंवा मध्ये घातलेला स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) हा आटा खातो, आणि नट वरून घट्ट लागल्यासारखा वाटत असल्याने बाहेरून काही कळत नाही. नट बोटांनी फिरवत फेरे मोजावेत, मग टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत, आणि पहिल्या धावेनंतर, चाके थंड झाल्यावर, पुन्हा तपासावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक