बारा मिनिटांत पोरानं काय दिवे लावायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या क्रीडा पानावर एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, ह्यूस्टन रॉकेट्स टीमच्या रीड शेपर्डबद्दल जे काही छापलंय ते वाचलं. दोनदा वाचलं, चहा गार झाला. आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, पण नाही, तुमच्या लेखकांनी खरंच त्याला 'फुसका बार' म्हटलंय आणि वर ह्यूस्टननं त्याला वेळीच विकून मोकळं व्हावं असा फुकटचा सल्लाही दिलाय. पोरगा जेमतेम विशी ओलांडलेला आहे हो!

केंटकीच्या कॉलेज टीमकडून थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, ५२ टक्के आत आणि ह्यूस्टनमध्ये पहिल्या सीझनला (२०२४-२५) ३३.८, हे दोन आकडे शेजारी ठेवले की झाला लेख. पण कॉलेजची थ्रीची लाइन ६.७५ मीटरवर आणि एनबीएची समोरून ७.२४ वर, म्हणजे जवळपास अर्धा मीटर मागे, हे कोण सांगणार? आणि त्या सीझनला मॅचला मिळाली किती, तर साडेबारा मिनिटं. तासभर बेंचवर बसायचं, जॅकेट काढून आत जायचं, दोन शॉट मारायचे, घाम यायच्या आत परत येऊन बसायचं. ज्यानं कधी सब म्हणून खेळलंय त्याला माहितीये की अशात हात गरमच होत नाही. कोच उडोकाचंही चूक म्हणत नाही मी, टीम त्या वर्षी वेस्ट गटात दुसरी आली, जिंकणारा माणूस नवख्याला कशाला खेळवेल? पण तोच पोरगा त्याच सीझनला जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, भरपूर मिनिटं मिळाल्यावर एका मॅचला ४९ पॉइंट मारतो, मार्चमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध सुरुवातीपासून खेळवला तर २५ मारतो, आणि मग लगेच उजव्या अंगठ्याचं हाड मोडून बसतो. यातलं एक अक्षर लेखात नाही.

मला एवढा राग का आला ते सांगते. १९९१ साली मी अकरावीत, राज्याच्या निवड शिबिरात होते. फ्री थ्रो म्हणजे माझा हातखंडा, डोळे मिटून टाकायची. आणि अचानक महिनाभरात बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागला, कधी कधी तर तेवढाही पोचेना. एक सर म्हणाले कोपर आत घे. दुसरे म्हणाले कोपराचं सोड, गुडघे वाकव. काकूनं मिरच्या ओवाळल्या, पोरीला नजर लागली म्हणून. गावातल्या एका पेपरात दोन ओळी आल्या, 'कामगिरी खालावली', ते कात्रण आईनं गादीखाली लपवून ठेवलं होतं, मला सापडलंच. रोज संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या उजेडात दोनशे शॉट मारायचे आणि रडत सायकल घरी आणायची. सकाळच्या प्रॅक्टिसला शॉट जायचे आणि संध्याकाळी जायचे नाहीत, हे इतक्या शहाण्या लोकांत कुणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी धाकटा भाऊ बसस्टॉपवर म्हणाला, ताई तुला बसचा नंबर वाचता येत नाही का गं? पावणेदोनचा नंबर निघाला. काकूचं खरं झालं म्हणायचं, नजरेचंच होतं! पण चष्मा येईपर्यंत यादी लागून गेली होती आणि पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हते.

मार्केल फुल्ट्झ आठवतोय का तुमच्या लेखकांना? २०१७ मध्ये एनबीएच्या टीमनी नवे खेळाडू निवडले तेव्हा सगळ्यात आधी निवडलेला पोरगा. त्याचे अडखळणारे फ्री थ्रो बघून अख्खं जग हसलं, डोक्यात केमिकल लोचा आहे म्हणाले. डिसेंबर २०१८ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की मान आणि खांद्याच्या मधल्या नसा दबल्यात. दोन महिन्यांत फिलाडेल्फियानं त्याला ओरलँडोला पाठवूनही दिलं.

शेपर्डला काही दुखणं आहे असं माझं म्हणणं नाही. त्याचा शॉट मला तरी बिघडलेला दिसत नाही, कोपर सरळ, मनगट मोकळं, फक्त घाई दिसते, दोन मिस झाले की परत बसवतील या भीतीची घाई. टीका करायचीच होती तर डिफेन्सवर करायची ना, सहा फूट दोन इंच उंची, मोठे गार्ड त्याला हुडकून अंगावर जातात, तिथं मलाही काळजी वाटते. २०२५ मध्ये ड्युरांटसारखा हुकमी स्कोअरर ह्यूस्टनमध्ये आलाय, दोन-दोन माणसं त्याच्यावर धावणार, मग मोकळा कोण राहणार? एक पूर्ण सीझन थांबा की.

आणि लेखासोबत जो फोटो छापलाय तो शेपर्डचा नाहीच. तो त्याच टीमचा शेंगून आहे, सहा फूट अकरा इंच, दाढीवाला, जर्सीवर २८ नंबर धडधडीत दिसतोय. शेपर्ड १५ घालतो.

जाता जाता, तुमच्या वार्ताहरांना ह्यूस्टनहून सवड मिळाली तर आमच्या वस्तीतल्या ग्राउंडवर पाठवा. गेल्या महिन्यात तिथं लग्नाचा मांडव टाकताना दोर थेट बास्केटच्या रिंगला बांधला, रिंग अशी वाकलीये की आता डावीकडून मारलेला बॉल आत जातच नाही. पोरं सगळी उजवीकडूनच मारतात. लाल कापडाची गाठ अजून तशीच लटकतेय.

आपली,
एक जुनी खेळाडू, नागपूर