गल्लीच्या आठवणींसाठी रविवारी जमायचं आहे

सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता बेळगावच्या शहापुरात, आपल्या गल्लीतल्या देवळासमोर जमायचं आहे. सासरी गेलेल्या बहिणींना आणि नोकरीसाठी पुण्याला स्थायिक झालेल्यांनाही आजच फोन करून सांगा.

घरात जुने फोटो असतील तर आणा. कापड विणायचा माग चालू असतानाचा एखादा फोटो सापडला तर फार बरं होईल. सकाळी जाग यायची ती मागांच्या खटखटाटानं. आजी उंबऱ्याजवळ बसून कांड्या भरायची, आणि आम्हा पोरांच्या बोटांना दिवसभर रंगीत सुताचे तंतू चिकटलेले असायचे. आता गल्लीत तो आवाज नाही. म्हणूनच ज्येष्ठांनी त्या कामाबद्दल सविस्तर सांगावं, आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू.

रंगपंचमीचा विषय तर निघेलच. बेळगावात धुळवडीला रंग, आपल्याकडे शहापुरात पंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं म्हणून हा फरक, हे आजोबांकडून ऐकलेलं. आम्हाला मात्र दोनदा भिजायला मिळायचं एवढंच ठाऊक! संध्याकाळी कुठल्याही काकूंच्या घरी जेवायला बसलं तरी आई शोधायला यायची नाही. शेजारच्या कन्नड आजी "ऊट आयता?" (जेवण झालं का?) विचारून हातावर होळगी, म्हणजे पुरणपोळी, ठेवायच्या. त्यांच्या घरच्यांनाही आग्रहानं बोलवा.

चहा आणि कुंद्याच्या मिठाईची सोय केली आहे. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा. फोटोंच्या मागे नाव लिहा, प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत मिळतील. ज्यांना चालवत नाही त्यांना घरून आणायला पोरं गाडी घेऊन येतील.