तो अडखळतो ते घाबरतो म्हणून नाही

संपादक साहेब, नमस्कार,

बारावीच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की आमच्या घरात वेगळंच टेन्शन असतं, म्हणून हे पत्र लिहितेय. माझा मुलगा 17 वर्षांचा, अभ्यासात चांगला आहे पण बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून. आम्ही राहतो माजिवड्याला आणि 'म' हेच त्याचं सगळ्यात अवघड अक्षर. मागच्या वर्षी मला कळलं की ठाणे स्टेशनवरून शेअर रिक्षात बसताना तो 'माजिवडा' म्हणतच नाही, 'कापूरबावडी' सांगतो, तिथे उतरतो आणि पाठीवर सॅक घेऊन उन्हातून परत मागे चालत येतो. कितीतरी महिने हे चाललं होतं आणि मी आपली विचारत बसायचे की कॉलेजमधून रोज एवढा उशीर का होतो.

सगळे त्याला एकच सांगतात, घाबरू नकोस, हळू बोल, आधी श्वास घे. मी पण हेच सांगायचे. मग स्पीच थेरपिस्टने आम्हाला बसवून समजावलं की भीतीमुळे तोतरेपण सुरू होत नाही, ते बहुतेक मुलांमध्ये 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतं, म्हणजे लोक काय म्हणतील हे पोराच्या डोक्यातसुद्धा नसतं तेव्हा. मेंदूत बोलण्याचं जे टायमिंग जुळावं लागतं त्यातला हा फरक आहे, बऱ्याचदा घराण्यातच असतो (माझे मामा असेच बोलायचे). 100 पैकी साधारण 5 मुलं कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं, त्यात मुलगेच जास्त.

भीती येते ती नंतर. वर्गात कोणी नक्कल केली, फोनवर समोरच्याने दोनदा हॅलो हॅलो करून कट केला, असं साठत जातं आणि मग तोंड उघडायच्या आधीच कळतं की आता हा शब्द अडकणार, त्या धास्तीने गळा अजून आवळतो, अडखळणं वाढतं, पुढच्या वेळी धास्ती दुप्पट. शेवटी पोरगं बोलायचंच टाळतं आणि आपण म्हणतो लाजाळू आहे. स्वतःचं नाव तर सगळ्यात कठीण, कारण बाकी शब्द बदलता येतात, नाव कसं बदलणार?

हाच मुलगा गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणतो तेव्हा एकदाही अडत नाही. एकत्र म्हणताना, गाताना अडखळणं जवळजवळ थांबतं, हे अशा बऱ्याच जणांचं होतं म्हणे. पण नातेवाईक तेच बघून बोलतात, 'बघ, मनात आणलं की जमतं की!' हे ऐकून त्याचा चेहरा कसा उतरतो ते मी बघितलंय.

अकरावीच्या तोंडीला परीक्षकांनी 'पाठ केलं नाहीस का' असं सगळ्यांसमोर विचारलं. उत्तर येत होतं, आदल्या रात्री मीच घेतलं होतं त्याच्याकडून. तो 'नाही येत' म्हणून बाहेर आला. मार्कांचं जाऊ दे हो, पण ते दोन शब्द त्याला सोपे वाटले म्हणून तो खोटं बोलला, हे मला अजून पचत नाहीये.

सर-मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे, अशा मुलाला एकटं आत बोलवा, थोडा जास्त वेळ द्या, त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका आणि नजर दुसरीकडे वळवू नका. आणि पालकांनो, मूल चार-पाच वर्षांचं असताना 'होईल आपोआप नीट' म्हणून आम्ही थांबलो तसं थांबू नका, स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. बांद्रा रेक्लमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, ठाण्याहून लोकलने जाता येतं. आम्ही तिथे खूप उशिरा पोचलो.

– एक आई, माजिवडा, ठाणे (प.)