बामणोलीच्या वाटेवर भेटलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

नाव विचारलं तर "मिस्त्रीच म्हणा" म्हणालात. मोबाईल टॉवरचे जनरेटर बघता, यापलीकडे तुमच्याबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कास-बामणोली भागातलं कुणी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोहोचवेल.

मे महिना होता. साताऱ्याहून कास ओलांडून आम्ही शिवसागर जलाशयाच्या काठी आलो आणि आमची मोटारहोम, म्हणजे आत राहाय-झोपायची सोय असलेली गाडी, एका बांधाला लागून उभी केली. सासूबाईंना उकाडा सोसत नाही, म्हणून खिडक्या बंद, एसी चालू आणि एसीसाठी गाडीच्या पोटातला पेट्रोलचा जनरेटर चालू. तासाभरात सगळ्यांचीच डोकी ठणकायला लागली. लेकीला उलटी झाली. वाटेत खाल्लेली मिसळ बाधली, असं आम्ही धरून चाललो. बाहेर आली की तिला बरं वाटायचं, आत गेली की पुन्हा मळमळ, तरी माझ्या लक्षात काही आलं नाही. कोरोनापासून जपून ठेवलेलं ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावलं. 98. मी निर्धास्त झाले.

तेवढ्यात तुम्ही दारावर थाप मारलीत. ओळख ना पाळख. मोटारसायकलवरून जाताना तुम्हाला बंद खिडक्या दिसल्या होत्या आणि बांधाकडे तोंड करून चाललेला जनरेटर ऐकू आला होता. "ताई, आधी समदी भाईर या. मशीन बंद करा. इचारायचं ते मागनं इचारा." सासूबाईंना तुम्हीच हात धरून उतरवलंत.

"पण धुराचा वास तर आला नाही," मी म्हणाले. "ह्या ग्यासला वासच नसतो ताई. वासाची वाट बघू नगा." कार्बन मोनॉक्साइड हे नाव मी शाळेत पाठ केलं होतं. लेकीला दवाखान्यात न्यायचा हट्ट तुम्ही धरलात, ओळखीतली जीपही मिळवून दिलीत. तिथे तिला मास्कने ऑक्सिजन लावला. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्या 98 च्या भरवशावर आम्ही दारं लावून झोपणार होतो, काका.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आलो, तर तुम्ही आमच्या आधी येऊन बसलेले. गाडीखाली आडवे झालात, सायलेन्सरच्या जोडावरून बोट फिरवून ते माझ्यासमोर धरलंत. काळीकुट्ट काजळी. पॅकिंग फाटलं होतं. मग पलंगाखालची फळी उचलून टॉर्च मारलात. वायरी जिथून वर येतात ते भोक उघडंच, त्यातून खालची माती दिसत होती. गाडी बांधून देणाऱ्यांनी ते तसंच सोडलं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. सायलेन्सरचं तोंड बांधापासून वीतभर अंतरावर, त्यामुळे धूर आपटून गाडीखालीच कोंडत होता. खाली वाळलेलं गवतही होतं. ते तुम्ही मूठभर उपटून दाखवलंत, टोकं करपली होती.

घाई न करता तुम्ही आम्हाला सगळं शिकवलंत. जनरेटर सुरू करताना एसी बंद, दोन-तीन मिनिटं मशीन नुसतं चालू द्यायचं आणि मगच लोड टाकायचा. बंद करतानाही आधी लोड काढायचा. पेट्रोल मशीन थंड झाल्यावरच भरायचं. धुराच्या बाजूच्या खिडक्या उघडायच्या नाहीत. आणि झोपताना जनरेटर बंद म्हणजे बंद, कितीही उकडू दे. ही शेवटची गोष्ट तुम्ही माझ्या नवऱ्याकडून तीनदा वदवून घेतलीत. पैसे पुढे केले तर हात मागे घेतलात, चहा तेवढा प्यायलात.

पॅकिंग नवं बसवलं. भोक टेपने नाही, तुम्ही म्हणालात तसं पक्कं बुजवून घेतलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता पलंगाजवळ आहे आणि निघण्याआधी त्याचं बटण दाबून बघायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय.

पाऊस उघडला की आम्ही बामणोलीला येतोय, टॉवरपाशी विचारत विचारत तुम्हाला शोधू. पैसे घेणार नाही हे ठाऊक आहे, पण सासूबाईंनी साताऱ्याचे कंदी पेढे द्यायचे ठरवलंय आणि त्यांना नाही म्हणता येणार नाही.

तुमची,
मोटारहोमवाली ताई