नार्नियातली सूझन : वैशूला पत्र

पंचवटी, नाशिक
श्रावणातला रविवार

प्रिय वैशू,

सी. एस. लुईसने नार्निया या जादूच्या देशावर लिहिलेल्या सात पुस्तकांतलं कुठलं ओवीला आधी द्यायचं, एवढंच तू फोनवर विचारलंस. उत्तर एका ओळीचं होतं. पण ते द्यायच्या आधी तुझ्या मामांनी मुंबईहून आणलेला तो जुना संच मी माळ्यावरून काढला आणि सातही पुस्तकं वाचून काढली. आता एका ओळीत भागणार नाही.

आधी तुझं उत्तर. कपाटाचं पुस्तक, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, पहिलं दे. हल्लीच्या संचांवर क्रमांक घातलेले असतात आणि त्यात जादूगाराच्या भाच्याची गोष्ट पहिली येते, कारण नार्निया जन्माला येतो तो तिच्यात. पण कपाटाचं पुस्तक आलं 1950 साली आणि भाच्याचं 1955 साली, म्हणजे सहावं. ल्यूसी कपाटात टांगलेल्या कोटांमधून पुढे सरकते, पायाखाली बर्फ लागतो आणि रानाच्या मधोमध रस्त्यावरचा दिवा जळताना दिसतो. तो तिथे कुणी लावला हे ओवीला इतक्यात कळायला नको. तिला पाच पुस्तकं त्या दिव्याचं नवल वाटत राहू दे. काळाच्या क्रमाने वाचलं तरी चालेल, असं खुद्द सी. एस. लुईसने 1957 साली एका मुलाला पत्रात कळवलं होतं. मला ते पटत नाही.

तुला आठवतंय, त्या कपाटाचं आपल्याला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं? दर सुट्टीत कुणी ना कुणी पाहुणे यायचे आणि त्यांना घेऊन आपण वाकून, बसून, सरकत सीतागुंफेत उतरायचो. अंग चोरून आत गेलं की गोष्ट सुरू होते, हे आपल्याला गल्लीतच शिकायला मिळालं होतं. या वेळी मात्र एक नवी गोष्ट दिसली. कपाटाच्या पुस्तकाच्या शेवटी पीटर, सूझन, एडमंड आणि ल्यूसी ही चार भावंडं मोठी झालेली असतात, राजे-राण्या असतात आणि एका पांढऱ्या हरणाच्या मागे लागतात. ते जो पकडेल त्याच्या इच्छा पूर्ण होणार. हरीण दाट झाडीत शिरतं, मागोमाग हे शिरतात आणि थेट इंग्लंडातल्या त्या खोलीत येऊन पडतात. राज्य गेलं, पुन्हा पोरं झाली. मारीच सोन्याचं हरीण होऊन जिथे आला, त्या पंचवटीत वाढलेल्या आपल्याला हे तेव्हाच कसं खटकलं नाही?

आणि त्या झाडीशी, दिवा पाहून, ‘आता परत फिरू या, हे हरीण पुरे’ असं म्हणणारी एकच आहे. सूझन. बाकीचे पुढे जायचं म्हणतात, म्हणून ती जाते.

लहानपणी आपली सगळी माया ल्यूसीवर. सूझन म्हणजे ती कंटाळवाणी मोठी बहीण, कोट घाला म्हणणारी, आईसारखी बोलणारी. आता वाचताना मी पानापानावर तिलाच शोधत होते. बर्फात जायचं तर कपाटातले कोट घालून जाऊ, हे तिलाच सुचतं. नार्नियाचा सिंह अस्लान मरायला निघतो त्या रात्री ल्यूसीबरोबर त्याच्या आयाळीत हात घालून चालणारी दुसरी मुलगी तीच. मग दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तिला आणि पीटरला सांगितलं जातं की तुम्ही आता मोठे झालात, पुन्हा येणं नाही. आणि सातव्यात, 1956 सालच्या त्या शेवटच्या पुस्तकात, सगळे जमतात आणि ती नसते. पीटर तुटकपणे म्हणतो की माझी बहीण आता नार्नियाची मैत्रीण राहिली नाही. नार्नियात येऊन गेलेली दुसरी एक मुलगी, जिल, सांगते की सूझनला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं यांखेरीज कशातच रस नाही. एक उतारा, आणि सूझन संपली.

वैशू, रेल्वेच्या अपघातात ते सगळे गेले आहेत. आई, वडील, पीटर, एडमंड, ल्यूसी, नात्यातला भाऊ युस्टेससुद्धा. त्यांच्यासाठी पुढे अस्लानचा देश आहे, फळं आहेत, डोंगर आहेत. सूझन इंग्लंडात एकटी उरली आहे, जेमतेम विशीतली. रामकुंडावर रोज सकाळी दहाव्याला आलेली घरं दिसतात. एक माणूस गेलेलं असतं तरी दहा जण सावरायला लागतात, कुणी गुरुजींशी बोलतं, कुणी पिशव्या सांभाळतं, कुणी म्हातारीला हाताला धरून पायऱ्या उतरवतं. ते पाहत पाहत मी हे पुस्तक वाचलं आणि मला लुईसचा खरोखर राग आला. त्याची स्वतःची आई तो नऊ वर्षांचा असताना, 1908 साली, कॅन्सरने गेली. भाच्याच्या पुस्तकात त्याने एका मुलाला जादूचं सफरचंद देऊन आई वाचवू दिली आहे. घर रिकामं होणं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने त्या पोरीकडे वळून पाहिलं नाही.

नार्नियाचे शत्रू असलेल्या कॅलोरमेन लोकांबद्दलही बोलायलाच हवं. सावळे, फेटेवाले, वाकड्या तलवारींचे आणि बहुतेक सगळे क्रूर. त्यांचा देव टॅश म्हणजे पक्ष्याचं डोकं आणि चार हात. घरात चतुर्भुज मूर्तीपुढे रोज दिवा लावणाऱ्या मुलीला हे वाचताना अवघडायला होतंच. ओवीलाही होईल, आणि ती बोलली तर तिला गप्प करू नकोस. पण त्या सातव्या पुस्तकातच एमेथ आहे. जन्मभर मनापासून टॅशची भक्ती केलेला तरुण शिपाई. त्याला अस्लान म्हणतो, तू त्याच्या नावाने जे चांगलं केलंस ते मला पोचलं. आणि त्याला आत घेतो. आपल्या काळाराम मंदिराच्या दारात आत जाण्यासाठी 1930 च्या मार्चपासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि वर्षानुवर्षं दार उघडलं नाही. तिथून रोज जाणाऱ्या मला एमेथचं ते पान फार मोठं वाटतं. ज्या लेखकाला ते सुचलं, त्याला घरच्या मुलीसाठी लिपस्टिकएवढं मोठं मन करता येऊ नये?

मग मी पुन्हा पहिल्या पुस्तकाकडे गेले आणि अर्पणपत्रिका वाचली, जी आपण तेव्हा कधीच वाचली नव्हती. त्याने ते पुस्तक ल्यूसी बारफिल्ड या त्याच्या मानसकन्येला दिलंय. तो लिहितो की पुस्तकापेक्षा मुली भराभर वाढतात, तू आता परीकथांसाठी मोठी झालीस. पण एक दिवस तू इतकी मोठी होशील की त्या पुन्हा वाचू लागशील. बघ, हे त्याने आधीच लिहून ठेवलंय. सूझन त्या मधल्या वयात आहे, इतकंच. आपणही होतो. अकरावीत गेल्यावर हा संच तू माझ्याकडे टाकलास, मी तो माळ्यावर टाकला, आणि मेनरोडवर आपण तासभर रंग पाहून एकच लिपस्टिक दोघींत घेतली. किती सुंदर दिवस होते ते! त्यासाठी कुणी आपल्याला गोष्टीतून बाहेर काढावं, असं त्यात काय होतं?

पुढे 1957 साली सूझनबद्दल विचारणाऱ्या एका मुलाला त्याने कळवलं की ती जिवंत आहे, तिला सुधारायला पुष्कळ वेळ आहे, कदाचित तिच्या वाटेने तीही पोचेल. सुधारायचं काय, हा प्रश्न माझ्यापुरता उरतोच. पण ‘तिच्या वाटेने’ हे मी आनंदाने घेतलं.

सहा पुस्तकं उद्या कुरिअरने निघतील. पॉलिन बेन्सची चित्रं ओवीला सावकाश पाहू दे. सातवं मी ठेवून घेतलंय. दिवाळीत याल तेव्हा ती ते इथे वाचेल, आपण दोघी जवळ असताना. सूझन कुठे गेली, हे ती विचारणारच. तोवर तूही ते एकदा वाच आणि तिला काय सांगायचं ते मला लिही. फोनवर नको, लिहून पाठव.

तुझी,
मंजू