बाई, लिहायला शिकवायचं कसं हे तुम्ही दाखवलंत, त्यासाठी

आदरणीय बाई,

फोन केला तर तुम्ही 'बरं बरं, जेवलीस का' म्हणून विषय बदलणार हे मला माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. निमित्त असं की माझ्या जुन्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, नवीन शिक्षक आलेत आणि त्यातले काहीजण मला मेसेज करतात, मॅडम, पोरं वाचतात, तोंडी उत्तरं पण देतात, पण वही समोर आली की गप्प बसतात, काय करू? मी जे सांगते ते ऐकून विचारतात की हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात. ट्रेनिंग कसलं बाई, हे सगळं तुमच्याकडून आलंय, आणि ते एकदा नीट लिहून ठेवायला पाहिजे असं फार दिवस वाटत होतं.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पहिल्यांदा शाळेवर आले तेव्हा लेखन म्हणजे अनुलेखन, श्रुतलेखन आणि महिन्याला एक निबंध. निबंध बहुतेक ठिकाणी फळ्यावरच लिहून दिला जायचा, चाळीस पोरांच्या चाळीस वह्यांत तोच पावसाळा, तेच बेडूक, तेच इंद्रधनुष्य. पोरांचा यात काहीच दोष नव्हता, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय सांगायचंय. तुम्ही तेव्हा शेजारच्या शाळेत तिसरीला शिकवत होतात आणि मला म्हणालात, एक दिवस माझ्या वर्गात मागे बसून बघ.

त्या दिवशी एका पोराने लिहिलं होतं, 'मन्हा बाप कांदा लिसन पिंपळनेरले गया.' बस, एवढंच. तुम्ही ते खोडलं नाहीत. त्याला विचारलंत, मग भाव काय मिळाला? पोरगं बोलायला लागलं, भाव पडला होता, बाप रात्री उशिरा आला, जेवला नाही. तुम्ही म्हणालात, हे लिही ना, मला हेच वाचायचंय. आणि ते पोरगं बसून अर्धं पान लिहून घेऊन आलं! मग दुसऱ्या दिवशी त्याचं पहिलं वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलंत आणि बाजूला वर्गाला विचारत विचारत पुस्तकातल्या मराठीत लिहिलंत, 'लिसन'च्या समोर 'घेऊन', 'पिंपळनेरले'च्या समोर 'पिंपळनेरला', दोन रकाने, दोन्ही ठेवले. घरची अहिराणी चूक आहे असं त्या वर्गात कुणालाच वाटलं नाही, आणि प्रमाण मराठी पण आली, उलट लवकर आली, कारण कशासमोर काय लिहायचं ते पोरांना दिसत होतं.

शुद्धलेखनाचं तुमचं म्हणणं मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्ही तीस वह्यांमधल्या चुका एका कागदावर उतरवून काढायला लावल्यात. मी म्हटलं हे तर कधी संपणार नाही. पण कागद भरला तेव्हा दिसलं की चुका शंभर असल्या तरी प्रकार चार-पाचच आहेत. पाणीचं पानी, कारण घरी पानीच म्हणतात. डोळ्याचा डोया, कारण घरी डोयाच म्हणतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार ऱ्हस्व. अनुस्वार कुठेतरी भलतीकडे. म्हणजे पोरगं निष्काळजी नाहीये, ते ऐकू येतं तसं प्रामाणिकपणे लिहितंय. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२मध्ये वाढवलेले चार, असे अठरा नियम आपण डीएडला पाठ केले, पण तिसरीच्या वर्गाला या महिन्यात त्यातला कुठला एक हवाय हे पोरांच्या वह्याच सांगतात, हे तुम्ही दाखवलंत. महिन्याला एक चूक धरायची, बाकीच्यांकडे तेवढे दिवस बघायचं नाही.

पुढे एमए करताना मीना शॉनेसी या अमेरिकन प्राध्यापिकेबद्दल वाचलं आणि तुमचीच आठवण झाली. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७०मध्ये प्रवेश सगळ्यांसाठी खुले केले, गरीब वस्त्यांमधली, घरी वेगळी इंग्रजी किंवा वेगळीच भाषा बोलणारी मुलं आली, आणि बरेच प्राध्यापक म्हणायला लागले की यांना शिकवणं शक्यच नाही. या बाईंनी त्या मुलांचे चार हजारांच्या आसपास निबंध वाचून काढले आणि दाखवून दिलं की त्यांच्या चुकांना शिस्त आहे, चुकीमागे विचार आहे, तो समजून घेतला तर शिकवता येतं. १९७७मध्ये त्यांचं त्यावर पुस्तक आलं. तुम्ही ते वाचलेलं नव्हतं, मी विचारलं होतं. साक्री तालुक्यातल्या तिसरीच्या वर्गात बसून तुम्ही त्याच जागी पोहोचला होतात, बाई, आणि हे कुणीतरी लिहायलाच हवं ना.

आणि ती शिक्षण परिषद! केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची परिषद म्हणजे माहिती भरणे, तक्ते, चहा. त्यात तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात आज आपण सगळ्यांनी लिहायचं, दहा मिनिटं, पेन न थांबवता, विषय 'आमच्या घराचं मागचं दार'. किती कुरकुर झाली. पण एका ज्येष्ठ गुरुजींनी विकलेल्या बैलाबद्दल लिहिलं, वाचताना त्यांचा आवाज बदलला आणि अख्खा हॉल शांत झाला. परत जाताना तेच गुरुजी म्हणाले, पोरांना आपण काय करायला सांगतो ते आज कळलं. कॅलिफोर्नियात बर्कलीला १९७४मध्ये सुरू झालेल्या बे एरिया रायटिंग प्रोजेक्टचं मूळ तत्त्व हेच आहे, लेखन शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वतः लिहिलं पाहिजे. आमच्याकडे ते तुमच्यामुळे आलं. मी आजही वर्ग लिहितो तेव्हा लिहिते, आणि माझी खाडाखोड केलेली वही फिरवते, सर्वात जास्त उपयोग त्याचाच होतो असं माझं मत झालंय.

पुढे मी दहावीला शिकवलं, त्याचं थोडक्यात सांगते. कुमारभारतीच्या, म्हणजे दहावीच्या मराठीच्या, ऐंशी मार्कांत चोवीस मार्क उपयोजित लेखनाला, पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, आणि त्यातच प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक. पोरं गाईड पाठ करतात, आणि का नाही करणार, मार्क मिळतात. तुम्ही सांगितलंत की पत्र शिकवायचं तर पत्र पाठवायचं. आम्ही पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल ग्रामपंचायतीला खरं पत्र लिहिलं, वर्गात पाच मसुदे झाले, कुणीतरी म्हणालं 'सर तुम्ही झोपलात का' असं लिहू नको, काम होणार नाही, आणि तिथेच औपचारिक भाषा कशाला असते ते शिकवून झालं. सरपंचांचं उत्तर आलं तेव्हा पोरांनी ते नोटीस बोर्डावर लावलं. एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी अजून सहमत नाहीये. चौथीपर्यंत लाल पेन नको हे पटतं, पण दहावीच्या पोराला मसुद्यावर मार्क न देता चालत नाही, बोर्ड समोर असतं, त्याला कुठे उभा आहे ते कळायला हवं. तुम्ही म्हणाल मार्क दिसले की शेरा कुणी वाचत नाही. ते पण खरंच आहे. मी आता शेरा आधी देते आणि मार्क दोन दिवसांनी, हा आपला मधला रस्ता.

कॉलेजात शिकवायला आल्यावर वाटलं होतं इथे तुमची पद्धत चालणार नाही. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, प्रोजेक्ट म्हणजे विकिपीडियाची चार पानं, आणि आता चॅटजीपीटीचं गुळगुळीत मराठी. पण खाली बघितलं तर प्रश्न तिसरीतलाच आहे, या मुलांनाही कुणी विचारलेलं नाही की तुला काय सांगायचंय. म्हणून पहिला प्रोजेक्ट असा देते की घरातल्या किंवा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोला, त्याच्या कामाबद्दल, आणि नोंदी हाताने काढा. मग पाच मिनिटं समोर बसवून मी फक्त प्रश्न विचारते, तुमच्यासारखेच, मग भाव काय मिळाला? एका मुलीने आजीच्या बिडी वळण्याबद्दल लिहिलं, हजार बिड्यांमागे पैसे मिळायचे आणि वाईट म्हणून काढून टाकलेल्या बिड्यांचे नाही, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिसऱ्या मसुद्यात तिने मजुरीवरचं वाचन आपणहून आणून जोडलं. संदर्भ कसे द्यायचे हे तिला त्या दिवशी दहा मिनिटांत समजलं, कारण तेव्हा तिला त्याची गरज होती. वर्गात नव्वद मुलं असतात, सगळ्यांशी असं जमत नाही, मग रोज पाच वह्या आणि बाकीच्यांनी जोडीदाराला वाचून दाखवायचं, जोडीदाराने एकच सांगायचं की आणखी काय ऐकायला आवडेल. हेसुद्धा तुमचंच.

बाई, तुमचं नाव कुठल्या अहवालात नाही, पुरस्काराची फाईल तुम्ही कधी भरली नाहीत. पण तुमच्या वर्गातून निघालेली पोरं तलाठ्याला अर्ज स्वतः लिहितात, दुसऱ्याकडे जाऊन लिहून घेत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने मनापासून आभार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या शिक्षकांसाठी दोन दिवस ठेवायचं चाललंय, केंद्रशाळेतच. तुम्ही भाषण देणार नाही हे मला माहितीये आणि भाषण नकोच आहे. मागे बसा, आणि पहिल्या तासाला आम्ही सगळे लिहू तेव्हा तुम्ही पण लिहा. गाडी पाठवते, पिंपळनेरवरून यायला त्रास नको.

तुमची,
एक विद्यार्थिनी